हाताची चूक आणि गळ्याचा फरक
बंदिशींच्या वह्या, छापील स्वरलिपी आणि एका मध्यमाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गुरुजींचे महालातले घर विकले गेले. माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करताना त्यांच्या मुलाने फोन केला. "बाबांच्या जुन्या वह्या निघाल्या आहेत. रद्दीवाला उद्या येतो आहे. तुम्हाला हव्या असतील तर आजच येऊन जा." नागपूरच्या मे महिन्यातली दुपार. तरी ऑटो करून गेलो आणि तीन वह्या घेऊन परतलो. त्यांतली लाल कापडी बांधणीची वही मी पाहताक्षणी ओळखली. १९७४ साली परीक्षेच्या तयारीसाठी हीच वही दोन रात्रींकरता मागून आणून मी तिची नक्कल उतरवली होती. ती नक्कल अजून माझ्यापाशी आहे. पुढे तीस वर्षे मी तिच्यावरूनच विद्यार्थ्यांना शिकवले.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाने उलटू लागलो, ते केवळ जुन्या आठवणींसाठी. बिहागच्या पानावर मात्र थांबलो. मध्यलय त्रितालातली बंदिश. स्थायी दोन्हीकडे सारखी. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत तार षड्जावरून गंधाराकडे, तिथून मध्यमाला स्पर्श करून पुन्हा खाली, अशी एक छोटी जागा आहे. गुरुजींच्या वहीत तो मध्यम शुद्ध होता. माझ्या वहीत तीव्र.

फरक एका चिन्हाचा होता. पण त्या तीव्र मध्यमावर मी दाद घेतली होती. एका मैफलीनंतर एक वयोवृद्ध जाणकार मला म्हणाले होते, "तार सप्तकातला हा तीव्र मध्यम तुमच्या गुरुजींचा खास दिसतो." मी नम्रपणे मान डोलावली होती. आता लाल वही सांगत होती की गुरुजींनी तो स्वर तिथे लावलेलाच नव्हता. तो माझ्या हाताने लावला होता.

एका रेघेचा प्रवास

चूक कशी झाली हे समजायला मला अर्धा तास लागला. ज्यांनी दोन्ही स्वरलिप्या हाताळल्या आहेत त्यांना ते एव्हाना कळलेही असेल.

गुरुजींची तालीम पलुस्कर परंपरेतली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःचा छापखाना घातला, आपल्या लिपीत पुस्तके छापली आणि शिष्यांना गावोगाव पाठवले. नागपुरात त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे शिकवीत. वसंतराव देशपांड्यांचे सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याचकडे झाले. त्यामुळे आमच्या शहरातल्या अनेक जुन्या वह्या पलुस्करांच्या चिन्हांत लिहिलेल्या सापडतात. मला द्यायची होती ती परीक्षा मात्र भातखंडे पद्धतीची. म्हणजे नुसती नक्कल पुरेशी नव्हती, लिप्यंतरही करायचे होते.

आणि या दोन लिप्यांत चिन्हे तीच, अर्थ निराळे, असा प्रकार आहे. भातखंडे लिपीत स्वरावर टिंब असले की तो तार सप्तकातला आणि खाली टिंब असले की मंद्रातला. पलुस्कर लिपीत स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते. भातखंड्यांचे शून्य म्हणजे खाली, पलुस्करांचे शून्य म्हणजे अर्धी मात्रा. आणि स्वराच्या डोक्यावरची उभी रेघ? पलुस्करांकडे ती तार सप्तकाची खूण आहे. भातखंड्यांकडे ती फक्त मध्यमावर येते आणि त्याला तीव्र करते.

गुरुजींच्या वहीत त्या जागेतल्या षड्ज, गंधार, मध्यम या तिन्ही स्वरांवर रेघा होत्या. षड्जावरची आणि गंधारावरची रेघ भातखंडे लिपीत निरर्थक, म्हणून माझ्या हाताने तिथे बिनचूक टिंबे दिली. मध्यमावरची रेघ डोळ्यांना ओळखीची वाटली. टिंब दिले आणि रेघही तशीच राहू दिली. एवढ्याने शुद्ध मध्यम तीव्र झाला.

तुम्ही विचाराल, गुरुजींनी ते ऐकले नाही का? नाही ऐकले. स्थायी त्यांनी तोंडी दिली होती. अंतरा द्यायचा राहिला आणि त्यांचे आजारपण सुरू झाले. अंतरा मी कागदावरून बसवला. माझ्या सगळ्या शिकण्यात गळ्याचा आधार नसलेली अशी थोडीच पाने असतील. चूक नेमकी त्यांतल्या एका पानावर झाली.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इतकी वर्षे ती कोणाला खटकली कशी नाही? उत्तर बिहागातच आहे. भातखंड्यांनी बिहाग बिलावल थाटात ठेवला. त्यातला तीव्र मध्यम त्यांच्या लेखी पाहुणा होता. पुढच्या काळात तो पाहुणा घरातलाच झाला. आज तीव्र मध्यमाशिवाय बिहाग गाणारा गायकच दुर्मीळ. कालप्रवाह ज्या दिशेला वाहत होता त्याच दिशेला माझी चूक पडली. प्रवाहाविरुद्ध पडली असती, तर कोणीतरी पहिल्याच दिवशी कान पकडला असता.

नातीच्या पुस्तकामागची टिपणे

हा शोध लागला त्याच सुमारास माझी नात पियानो शिकत होती. तिच्या शूबर्टच्या पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपातली काही पाने होती. कोणत्या मात्रेवर हस्तलिखितात काय आहे, पहिल्या छापील आवृत्तीत काय आहे आणि संपादकाने यातले काय का निवडले, याचा तो हिशोब होता. नातीने ती पाने कधी उघडली नव्हती. मी मात्र ती कादंबरीसारखी वाचली.

शूबर्टने १८२७ साली पियानोसाठी चार 'इम्प्रॉम्प्टू' लिहिल्या. व्हिएन्नाच्या हासलिंगर या प्रकाशकाने पहिल्या दोन त्याच वर्षी छापल्या. पुढच्या वर्षी शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला आणि उरलेल्या दोन छापायला १८५७ साल उजाडले. त्यांतली तिसरी छापताना तिची पट्टीच बदलण्यात आली. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे, तर शूबर्टने जी रचना काळी तीनमध्ये लिहिली होती ती पांढरी पाचमध्ये छापली गेली. लेखनात सहा कोमल चिन्हे सांभाळायची कटकट गेली, एका चिन्हावर भागले. तालाचे विभागही सोपे करण्यात आले. घरी बसून वाजवणाऱ्या हौशी ग्राहकांचा विचार त्यामागे असणार. गवयाने पट्टी बदलली तर आपण त्याला दोष देत नाही. पण पियानोवर काळ्या पट्ट्यांवर ठेवलेला हात आणि पांढऱ्यांवर ठेवलेला हात यांची ठेवण वेगळी, स्पर्श वेगळा, नादही वेगळा. पुढे कित्येक वर्षे पुष्कळ लोकांच्या कानांवर ती रचना पडली ती प्रकाशकाने ठरवलेल्या पट्टीत.

शोपँची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. त्या काळी देशोदेशींचा मिळून एकच कॉपीराइट कायदा नव्हता. म्हणून तो एकच रचना पॅरिसला श्लेसिंगर, लाइपझिगला ब्राइटकॉफ उंट हेर्टेल आणि लंडनला वेसेल अशा तीन प्रकाशकांना साधारण एकाच वेळी देई. कुठे स्वतःचे हस्तलिखित जाई, कुठे मित्र युलियान फोंतानाने केलेली नक्कल, कुठे दुरुस्त केलेली छापील मुद्रिते. तीन ठिकाणी तीन पाठ तयार होत. त्याहून मौज म्हणजे छापून झाल्यावरही शोपँचे थांबत नसे. शिष्य पुस्तक घेऊन शिकायला येत आणि तो त्यांच्या प्रतीत स्वतःच्या हाताने बदल करी. त्याच्या सी मायनर प्रिल्यूडमध्ये, अवघ्या तेरा मात्राखंडांच्या त्या रचनेत, तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या स्वरसमूहात एक स्वर शुद्ध की कोमल यावर वाद आहे. छापील पाठात कोमलचे चिन्ह नाही. एका शिष्येच्या प्रतीत शोपँनेच ते घातलेले आहे. तो विसरला होता आणि आता चूक दुरुस्त करत होता, की त्याला नंतर काही वेगळे सुचले? वादक आजही दोन्ही प्रकारे वाजवतात.

अशा प्रश्नांवर तिकडे पिढ्या खपल्या. १९४८ साली ग्युंटर हेन्ले यांनी म्युनिकमध्ये केवळ मूळ संहिता शोधून छापण्यासाठी प्रकाशनसंस्था काढली. पोलंडमध्ये यान एकिअर यांच्या संपादनाखालची शोपँची राष्ट्रीय आवृत्ती कित्येक दशकांच्या कामानंतर २०१० मध्ये पुरी झाली. हे वाचून मला हेवा वाटला, आणि मग आपल्या घरातल्या पुस्तकांकडे लक्ष गेले.

क्रमिक पुस्तकांत न छापलेले

पं. विष्णु नारायण भातखंडे यांची 'हिंदुस्तानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची. मूळ मराठीत. आज आमचे बहुतेक विद्यार्थी, मराठी असूनही, हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेला हिंदी अवतार वापरतात. या मालिकेचे ऋण न मानणारा शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी निदान माझ्या पाहण्यात नाही. एका वकिलाने स्वखर्चाने देशभर प्रवास केला. १९०७ च्या दौऱ्यात तो नागपूरलाही आला होता. खाँसाहेबांची मनधरणी केली, रुसवेफुगवे सोसले, जयपूरच्या मनरंग परंपरेतल्या महंमद अली खाँ आणि त्यांच्या मुलांकडून शेकडो चिजा मिळवल्या, आणि पोटात बंद असलेली विद्या दोन-चार रुपयांच्या पुस्तकात आणून ठेवली. त्या कामाला दुसरी तोड नाही.

तरीही एक गोष्ट बोलायला हवी. त्या पुस्तकांत राग आहे, ताल आहे, लय आहे, शब्द आहेत, स्वर आहेत. बंदिश कोणाच्या गळ्यातून घेतली, ते मात्र तिच्यापाशी सहसा छापलेले नाही. याला कारणे असतील. घराण्याघराण्यांत हेवेदावे होते. एकाचे नाव घातले तर दुसरा रुसणार. शिवाय भातखंड्यांना देशभर चालेल असा सामाईक अभ्यासक्रम हवा होता, आणि सामाईक गोष्टीवर कोणा एकाचे नाव शोभत नाही. पण परिणाम असा झाला की एका गायकाने एका दिवशी गायलेले एक रूप हे त्या बंदिशीचे रूप होऊन बसले. साक्षीदाराचे नाव गेले आणि साक्षीचा निकाल झाला.

मीही परीक्षक म्हणून या निकालाची अंमलबजावणी केलेली आहे. पुस्तकातल्यापेक्षा वेगळा अंतरा गाणाऱ्या मुलांना "हे कोणी शिकवले?" असे मी विचारत असे. तो प्रश्न खरे तर चांगला होता. मी उत्तर ऐकून घेत नव्हतो, एवढेच वाईट होते. कोणी "आजोबांनी" म्हणे, कोणी गावच्या बुवांचे नाव घेई, आणि मी गुण कापून पुढच्या मुलाला हाक मारत असे.

म्युनिकपेक्षा रिद्धपूर जवळ

मग आपणही बंदिशींची 'मूळ संहिता' शोधायची का? माझे उत्तर नाही असे आहे. शोपँचा हात कागदावर उमटलेला आहे. सदारंगांचा नाही. महंमदशाहाच्या दरबारातल्या त्या बीनकाराच्या कोणत्याही ख्यालाचे त्याच्या हातचे स्वरलेखन आपल्यापाशी नाही. जिथे मुळात हस्तलिखितच नव्हते तिथे हस्तलिखिताकडे परत जाण्याची भाषा फोल आहे. म्युनिकची पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही.

पण आमच्या विदर्भाला दुसरी एक पद्धत सातशे वर्षांपासून माहीत आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून गोळा केल्या. महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे पाठ माणसांच्या नावाने ओळखले जातात, जसा हिराइसेचा पाठ. एखादी लीळा कोणाला वेगळी आठवत असेल तर तेही नोंदवण्याची रीत आहे आणि त्या वेगळ्या रूपाला 'वासना' म्हणतात. वासना म्हणजे इथे इच्छा नव्हे, स्मरणात राहिलेले रूप. या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांवर काम करणारे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते हे आमच्या नागपूरचे. कोलत्यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. पाठभेद हा शब्द या शहरात चहाच्या टपरीवर नाही, तरी ग्रंथालयात नक्कीच रुळलेला आहे.

बंदिशीची अवस्था लीळेसारखी आहे, प्रिल्यूडसारखी नाही. मूळ हरवलेले, स्मरणे अनेक, आणि प्रत्येक स्मरण कोणाचे तरी. 'पाठ' या मराठी शब्दात लिहिलेली संहिताही येते आणि मुखोद्गत असणेही येते. बंदिशीची आवृत्ती करायची तर हे दोन्ही अर्थ सांभाळून करावी लागेल. एक रूप वर, बाकीची खाली, आणि प्रत्येकाशेजारी नाव: ही अमक्या बुवांची वासना, ही तमक्या बाईंची, ही भातखंड्यांच्या पुस्तकातली.

हात की गळा

यावर माझ्या एका गायक मित्राने हरकत घेतली. "मग चूक अशी काही उरणारच नाही. ज्याने जे गायले ते त्याचे रूप." मी नेमका याच सोयीच्या उत्तराला भितो. माझा बिहागातला मध्यम या न्यायाने 'माझी वासना' ठरतो आणि मी सुटतो.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. फरक दिसला की तो कशामुळे पडू शकतो ते आधी पाहावे. गळ्याने पडलेला फरक गळ्याच्या वाटेने समजतो. एखादा स्वर दमसासासाठी आधी संपतो, एखादी जागा लय वाढल्यावर सरळ होते, एखादा कणस्वर मोठा होऊन पूर्ण स्वर बनतो. त्याच गायकाच्या इतर चिजांतही तशी सवय दिसते. हा फरक परंपरेचा आहे, तो नावासकट जपावा. हाताने पडलेल्या फरकाला संगीतात कारण सापडत नाही, कागदावर सापडते. स्वराखालचे मंद्राचे टिंब आणि त्याच्याच खालच्या ओळीतल्या शब्दावरचा अनुस्वार एकमेकांवर चढतात आणि दोहोंपैकी एक नाहीसे होते. कोमलची आडवी रेघ वहीच्या छापील रेघेत मिसळते. खिळे जुळवताना बारीक टाइपातला कणस्वर शेजारच्या स्वराला चिकटतो. ही चूक आहे. तिला घराण्याचे नाव देऊ नये.

तिसरा प्रकार हासलिंगरचा: ना हात चुकला, ना गळा वळला, मधल्या माणसाने सोयीसाठी बदलले. अभ्यासक्रमासाठी सोप्या केलेल्या आणि सोप्या केल्याचे न सांगितलेल्या बंदिशी या वर्गात बसतील.

ही कसोटी अर्थातच तेव्हाच लावता येते, जेव्हा आधीचा कागद हाताशी असतो. लाल वही रद्दीत गेली असती तर माझ्या मध्यमाचा उगम कोणत्याही विद्वानाला सापडला नसता. कोणी अभ्यासकाने त्यावरून आमच्या परंपरेत तार सप्तकात तीव्र मध्यम होता असा निष्कर्षही काढला असता आणि तो तर्कशुद्ध ठरला असता. महाल, धंतोली, सीताबर्डीतल्या किती माळ्यांवर अशा वह्या आहेत कोण जाणे. वारसांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून त्या कोऱ्या वह्यांहून स्वस्त जातात. या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवायला संगीताची परीक्षा पास व्हावी लागत नाही. मोबाइल पुरतो. वही कोणाची, कोणाकडे शिकलेल्याची, एवढे त्या छायाचित्रासोबत लिहिले की पुढच्याचे निम्मे काम होते.

चूक कळल्यावर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता पुण्याला शिकवते. मी तिला लाल वहीतली जागा गाऊन दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "सर, मी बारा जणींना तीव्रच शिकवलाय. आणि खरं सांगू? मला तोच आवडतो."

मी तिला तो सोडायला सांगितले नाही. तेवढा अधिकार मला उरलेला नाही. एवढेच म्हटले, की यापुढे शिकवताना दोन्ही शिकव, आणि शुद्ध मध्यम गुरुजींचा, तीव्र माझ्या हाताच्या चुकीचा, हे प्रत्येकीला सांग. तिने विचारले, "चुकीचा, असंच सांगू?" मी हो म्हटले. त्या संध्याकाळी माझ्या नक्कलेत बिहागच्या पानावर समासात तेच लिहिले, खाली सही केली आणि तारीख घातली.